रावसाहेबांच्या तोंडाचा रंग

जयसिंगपुरात चौगुल्यांच्या मिरची-कांडपाबाहेर रोज सकाळी एक माणूस स्टुलावर बसून भाकरीच्या तुकड्याला चटणी लावून खायचा आणि लाल व्हायचा. एवढंच त्याचं काम होतं. या कामाला पगार होता, दिवाळीला बोनस होता, आणि अलीकडे समोर एक कॅमेराही आला होता.

माणसाचं नाव रावसाहेब मगदूम. पूर्वी ते त्याच कांडपात मिरची निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करायचे. एकदा नव्या घाण्याची चटणी चाखताना त्यांचं तोंड गळ्यापासून कपाळापर्यंत असं काही पेटलं, की रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी आपापल्या मिरच्या परत पिशवीत घातल्या आणि तयार चटणीच विकत घेतली. मालक जयपाल चौगुले ते दुरून बघत होते. दुसऱ्या दिवशी रावसाहेबांना स्टूल मिळालं.

जयपाल चौगुले जैन. घरात कांदा नाही, लसूण नाही, आणि धंदा मात्र कांदा-लसूण चटणीचा. वडिलांनी हळदीपासून सुरुवात केली होती. गिऱ्हाइकांनी तो धंदा हळूहळू चटणीकडे ढकलत नेला. स्वतःचा माल स्वतः चाखायची सोय नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तोंडावर विसंबावं लागतं, आणि जयपालांना विसंबण्यासारखं तोंड सापडलं होतं. चटणीच्या तीन प्रती ठरल्या: गुलाबी, लाल आणि लालबुंद. पाकिटावर रावसाहेबांचं चित्र आलं. मिरचीतलं तिखट मोजणारी यंत्रं तोवर जगात होतीच, पण पाकिटावर आकडा छापला की गिऱ्हाईक विचारायचं, ‘म्हणजे किती?’ रावसाहेबांचं तोंड बघून असं कुणी विचारत नसे. मग जयपालांनी पुण्याहून एक महाग कॅमेरा आणला. तो रावसाहेबांच्या तोंडाची लाली मोजून थेट दुकानादुकानांतल्या पडद्यांवर दाखवायचा. चटणी मोजायचं यंत्र उपलब्ध असताना चटणी खाणाऱ्याला मोजायचं यंत्र घेणं, यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

घरी या लाल तोंडाचा अर्थ वेगळा होता. घरी त्याला राग म्हणत.

रावसाहेब कधी मोठ्यानं बोलले नाहीत. गरजच पडली नाही. समोरचं माणूस त्यांचं तोंड बघायचं आणि आपणच विषय बदलायचं. त्यांच्या बायकोचा, शालनचा भाऊ बाळासाहेब येताना बाटली घेऊन यायचा. दोन घोट झाले की रावसाहेबांचं तोंड तांबडं व्हायचं. शालननं त्यावरून ओळखलं, की यांना आपला भाऊ खपत नाही. तिनं भावाला सांगितलं, भाऊ यायचा बंद झाला. मेव्हणा का येत नाही हे रावसाहेबांनी एकदा विचारलं होतं, पण विचारताना जिना चढून आले होते आणि तोंड लाल होतं, म्हणून शालननं उत्तर दिलं नाही. असं पुष्कळ वर्षं चाललं होतं. आपण तापट आहोत, हे रावसाहेबांना लोकांकडूनच कळलं होतं. स्वतःला काही तसं जाणवत नसे. पण इतकी माणसं सांगतात म्हटल्यावर असेल, असं ते धरून चालले होते.

आणि या सगळ्यात मुलगा घर सोडून गेला.

इंद्रजित त्यांचा एकुलता एक. अन्नतंत्राचं शिक्षण घेऊन आला आणि एक उन्हाळा कांडपात राहिला. चटण्यांच्या घराण्यात जन्मून त्याला तिखट अजिबात सोसायचं नाही; लहानपणी वरणात मिरचीचं देठ पडलं तरी हा पाण्याचा तांब्या संपवायचा. त्यानं हातात मावेल असं एक मीटर बनवलं. चटणीची चिमूट टाकली की तिखटाचा आकडा दाखवायचं. एके सकाळी, रावसाहेबांचं चाखणं सुरू असताना, जयपालांच्या समोर तो म्हणाला,

“आप्पा, मी सगळा सीझन ताडून बघितलंय. एकाच घाण्याची चटणी. सोमवारी तुमचं तोंड गुलाबी, बुधवारी लालबुंद. चटणी बदलली नव्हती. तुमच्या तोंडावर भरवसा ठेवता येत नाही.”

रावसाहेबांचं तोंड लाल झालं. मान लाल झाली. कान लाल झाले.

“जा तू आता,” जयपाल इंद्रजितला हळूच म्हणाले. “वडील तापले.”

इंद्रजित थोडा वेळ वडिलांकडे बघत थांबला. वडील काही बोलले नाहीत, कारण त्यांच्या तोंडात घास होता. लालबुंद घाण्याचा घास घाईनं गिळता येत नाही. तो गिळून होईपर्यंत इंद्रजित फाटकाच्या बाहेर गेला होता, आणि महिन्याभरात तमिळनाडूत, होसूरला. तिथून तो आईला फोन करायचा. आप्पा जवळ असले की फोन लवकर संपायचा.

*

पुढच्या काही वर्षांत रावसाहेबांचे पाय सुजायला लागले. स्टुलावरून उठून आत जाईपर्यंत धाप लागायची. पोट तर कायमचंच बिघडलेलं होतं, पण ती तक्रार चटणीच्या खात्यावर जमा होत होती. रोज चटणी खाणाऱ्या माणसाचं पोट ठीक असेल तरच संशय घ्यायचा, अशी सगळ्यांची समजूत. शेवटी शालननं त्यांना कोल्हापूरला नेलं. एसटी विनाचालक झाली होती. कंडक्टर मात्र होता, आणि दर थांब्याला प्रवाशांना ‘घाबरू नका’ सांगत होता.

डॉक्टर तस्नीम मुल्ला पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या रावसाहेबांच्या छातीला यंत्र लावून ऐकत असतानाच रावसाहेबांचं तोंड पेटलं. शालन उठून उभी राहिली. बाई आता खोलीबाहेर जातील, असं तिला वाटलं.

“काका, आत्ता राग आला तुम्हाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“न्हाई.”

“लाज वाटली? उकडतंय?”

“न्हाई हो.”

“मग लाल का झालात?”

रावसाहेब विचारात पडले. साठ वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता.

तपासण्या झाल्या. लहान आतड्यात एक गाठ होती, शेंगदाण्याएवढी, आणि तिची पिल्लं यकृतात. गाठ हार्मोन बनवणाऱ्या पेशींची होती. अशा गाठी संथ असतात. दहा-बारा वर्षं माणसाबरोबर मुकाट्यानं नांदतात. त्या सेरोटोनिन आणि तत्सम रसायनं वेळीअवेळी रक्तात ओततात. गाठ फक्त आतड्यात असेल, तर यकृत ही रसायनं वाटेतच मोडून टाकतं. गाठ यकृतात पोचली की वाटेत कुणी उरत नाही. रसायनं अंगभर फिरतात. तोंडाच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतडं पळत सुटतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड आणि ताठ होत जातात.

“कशानं ओततात?” रावसाहेबांनी विचारलं.

“तिखट खाल्लं की. दारू घेतली की. दगदग झाली, राग आला, आनंद झाला, तरी. कधी कधी काहीच न होता.”

“म्हणजे कशानंबी.”

“हो.”

रावसाहेब आणि शालन यांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

डॉक्टरांनी उपाय समजावला. शरीरातले बाकीचे हार्मोन हुकूम सोडतात: वाढ, साखर सोड, आम्ल ओत, आतडं हलव. सोमॅटोस्टॅटिन नावाचं एक हार्मोन आहे, त्याचं काम या सगळ्यांना एकच गोष्ट सांगायचं: पुरे. मेंदूत, स्वादुपिंडात, जठरात, आतड्यात ते थोडं थोडं तयार होतं, आपलं ‘पुरे’ म्हणतं आणि दोन-तीन मिनिटांत विरून जातं.

“हरकत घेणाऱ्या सरकारी कारकुनासारखं,” रावसाहेब म्हणाले.

“तसंच. पण हे वेळेवर येतं आणि वेळेवर जातं.”

गाठीच्या पेशींना हे ‘पुरे’ ऐकायचे कान असतात, हे नशीब. पूर्वी या हार्मोनची टिकाऊ नक्कल बनवून महिन्याला एक इंजेक्शन द्यायचे. उपयोग व्हायचा, पण ब्रेक चोवीस तास दाबून गाडी चालवण्यासारखं ते होतं. पचन मंदावायचं, साखर वरखाली व्हायची, पित्ताशयात खडे व्हायचे. आता डबी निघाली होती. रुग्णाच्याच कातडीच्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत त्यांच्या सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या पेशी करायच्या, त्या खारकेएवढ्या जाळीदार डबीत भरायच्या आणि डबी पोटाच्या कातडीखाली बसवायची. रक्तात गाठीची रसायनं वाढायला लागली की पेशींना कळतं. त्या लागेल तेवढंच ‘पुरे’ सोडतात आणि गप्प बसतात.

“गाठ जाईल?”

“जाणार नाही. पण पुष्कळ वर्षं गप्प बसेल. झडपेचं बिघडलंय तेवढं बिघडलंय, पुढं बिघडू द्यायचं नाही.”

“आणि तोंड?”

“ते नाही लाल होणार आता.”

डॉक्टरांना ही आनंदाची बातमी वाटत होती.

*

डबी बसवून जखम भरल्यावर रावसाहेब पहिल्यांदा स्टुलावर बसले, तेव्हा लालबुंदसाठी काढलेला संकेश्वरी मिरचीचा घाणा होता. त्यांनी घास घेतला. जीभ भाजली, नाकातून पाणी आलं, कपाळावर घाम आला. तोंड मात्र शाळेच्या भिंतीसारखं पिवळट राहिलं. कॅमेऱ्यानं दोनदा मोजून पाहिलं आणि पडद्यावर लिहिलं: चेहरा आढळला नाही.

“लागालंय का तिखट?” जयपालांनी विचारलं.

“लई लागालंय, मालक.”

“मग दाखवा की जरा.”

रावसाहेबांनी दाखवायचा प्रयत्न केला. श्वास रोखला. भुवया वर केल्या. बघणाऱ्या बायकांपैकी एकीनं विचारलं, बरं वाटत नाही का. त्या आठवड्यात सगळा माल गुलाबीच्या पाकिटात गेला. गुलाबी समजून तो नातवंडांना खाऊ घातलेल्या आज्यांचे फोन आठवडाभर येत होते.

घरात गोंधळ निराळा होता. शालननं इतकी वर्षं नवऱ्याचं तोंड बघून संसार केला होता. कुठली भाजी पुन्हा करायची नाही, कुणाचं नाव काढायचं नाही, कुठल्या लग्नाला जायचं नाही, सगळं तोंडावर कळायचं. आता तोंडावर काहीच नव्हतं. ती पाण्याचा तांब्या पुढं करून विचारायची,

“राग आलाय का?”

“न्हाई.”

“खरं सांगा.”

“न्हाई म्हणतोय न्हवं.”

“मग आनंद झालाय का?”

“कशाचा?”

“तेच विचारालोय.”

डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते तिनं मनात बरेच दिवस घोळवलं आणि भावाला फोन करून सांगितलं, की तुझ्यावर राग नव्हताच, बाटलीनं व्हायचं ते. बाळासाहेब बाटलीऐवजी पेढे घेऊन आला. संध्याकाळभर त्यानं साखर कारखान्याच्या निवडणुकीत कोण कुणाला कसा नडला ते सांगितलं. तो गेल्यावर शालन हसून म्हणाली, “बगा, किती वर्षं वाया गेली.” रावसाहेब म्हणाले, “हं.” त्यांना आत्ता कुठं उमगत होतं, की मेव्हण्यावर त्यांचा राग कधीच नव्हता. मेव्हण्याचा त्यांना कंटाळा होता. हे शालनला सांगावं की नाही ते त्यांना कळेना. तोंडावर दिसत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

गावाला मात्र सगळं कळलं होतं. रावसाहेबांच्या पोटात राग उतरवायची डबी बसवली, ही बातमी बाजारभर झाली. बायका नवऱ्यांना घेऊन कोल्हापूरला निघाल्या. एका हेडमास्तरांनी पालकसभेसाठी तात्पुरती मिळेल का म्हणून विचारलं. डॉक्टर मुल्लांनी दारावर पाटी लावली: ही डबी रागावर चालत नाही. पाटी वाचून लोकांनी ओळखलं की माल संपलाय, आणि पुढच्या लॉटसाठी नावं द्यायला गर्दी वाढली.

या सगळ्यात रावसाहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. मेव्हणा गेला बाटलीमुळे. बायको गप्प झाली जिन्यामुळे. म्हणजे इंद्रजित गेला तोही चटणीमुळे. आपण रागावलोच नव्हतो. हे पोराला कळलं पाहिजे. पण पक्कं असल्याशिवाय कळवायचं कसं? तपासणीला गेले तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं.

“मुलगा बोलला त्या दिवशी मी रागावलो होतो का?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “चटणी खाल्ली होती?”

“व्हय. घास तोंडातच होता.”

“मुलगा काही टोचून बोलला?”

“माझ्या तोंडावर भरवसा ठेवता येत न्हाई म्हणाला.”

“बरोबरच बोलला की तो,” डॉक्टर म्हणाल्या. “तेव्हा कुणी ऐकलं असतं तर गाठ तेव्हाच सापडली असती.”

“ते असू दे. मी रागावलो होतो का?”

“काका, चटणीनं लाल झाला असाल, रागानं झाला असाल, दोन्हीनं झाला असाल. रक्तात सगळं एकच दिसतं.”

“म्हणजे कळायचं न्हाई.”

“रक्तातून नाही कळायचं. तुम्हाला आठवत नाही?”

रावसाहेबांनी आठवून बघितलं. लोकांची तोंडं आठवली. जयपालांचं, इंद्रजितचं. स्वतःचं काही आठवेना. स्वतःला काय वाटतंय हे ते कायम दुसऱ्याच्या तोंडावर वाचत आले होते.

*

मार्च लागला. उन्हाळी चटण्यांचा हंगाम सुरू व्हायचा होता, आणि जयपाल घरी आले. दारात चपला काढून अवघडल्यासारखे बसले.

“रावसाहेब, ती डबी तेवढी महिनाभर बंद करता येती का? चौकशी केली मी. गोळी असते म्हणे. पेशी झोपतात.”

“असते.”

“हंगामापुरतं. दुकानदार विचारायलेत. मी लाल बल्ब लावून बघितला, तर भिंतबी लाल दिसाय लागली.”

रावसाहेबांनी विचार केला. खरं तर त्यांना मोह झाला, पण जयपालांना वाटला तसा नव्हे. डबी बंद केली की तोंड पूर्वीसारखं बोलायला लागेल. शालनला कळेल, गावाला कळेल, त्यांना स्वतःलाही काहीतरी कळल्यासारखं वाटेल. चुकीचं का असेना.

शालन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “झडप हाय आत. तिला कोण सांगणार हंगाम हाय म्हणून?”

जयपालांनी मान खाली घातली. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, “मग एकच राहतं. इंद्रजितचं मीटर. मी बोलतो त्याच्याशी. चालंल न्हवं तुम्हाला?”

दोघंही सवयीनं रावसाहेबांच्या तोंडाकडे बघायला लागले. तोंड पिवळट होतं.

“चालंल,” रावसाहेब म्हणाले, आणि आपल्याला खरंच चालेल का, याचा विचार करत बसले.

शालननं त्याच दिवशी होसूरला फोन लावला. “तो राग न्हवता रे,” ती म्हणाली. “गाठ होती.” मग इंद्रजित म्हणाला, “आणि आता?” शालननं स्वयंपाकघरातून बाहेर डोकावून बघितलं. नवरा पाय सोडून झोपाळ्यावर बसला होता. “आता काय हाय ते मलाबी कळंना झालंय,” ती म्हणाली. “तू ये आणि बघ.”

*

इंद्रजित आला. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, आणि बोलण्यात तमिळ हेल शिरला होता. सकाळभर त्यानं कांडपात मीटर बसवलं. जयपालांनी स्टूल आत नेऊन ठेवायला सांगितलं. दुपारी तो जेवायला घरी आला आणि पाहुण्यासारखा विचारून बसला.

शालननं त्याच्यासाठी बिनतिखटाची आमटी वेगळी केली होती. रावसाहेबांच्या ताटात भाकरी आणि चटणी. ते सवयीनं खात होते, आणि इंद्रजित चोरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. काही होत नव्हतं.

“आई म्हणाली, तो राग नव्हता,” तो म्हणाला.

“आजाराचं होतं सगळं,” शालन घाईनं म्हणाली.

“म्हणजे इतकी वर्षं मी शेंगदाण्याएवढ्या गाठीवर रुसलो होतो.”

तिघांनाही हसू आलं, पण कुणी पुरतं हसलं नाही. शालनला वाटलं, झालं, मिटलं. तिनं भाकरी वाढली. रावसाहेबांनी मात्र घास तसाच हातात धरला होता.

“इंद्रा,” ते म्हणाले, “त्या दिवशी जे बोललास ते परत बोल.”

“कशाला, आप्पा?”

“जेवताना नको,” शालन म्हणाली.

“डबी चालू हाय. तोंड लाल व्हायचं न्हाई. आत काय होतंय ते बगतो एकदा.”

इंद्रजितनं आईकडे बघितलं. पण तो मोजमापाचा माणूस होता. ताडून बघू म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. “तसंच बोलू? त्याच आवाजात?”

“त्याच.”

इंद्रजितनं पाण्याचा घोट घेतला. “आप्पा, मी सगळा सीझन ताडून बघितलंय. एकाच घाण्याची चटणी. सोमवारी तुमचं तोंड गुलाबी, बुधवारी लालबुंद. चटणी बदलली नव्हती. तुमच्या तोंडावर भरवसा ठेवता येत नाही.”

आई आणि मुलगा दोघं तोंडाकडे बघत राहिले. मान पिवळट. कान पिवळट. पोटाच्या कातडीखाली डबीतल्या पेशींनी काहीतरी ओळखून आपलं ‘पुरे’ सोडलं असणार. बाहेर काही आलं नाही.

शालननं श्वास सोडला. “बगितलंस? न्हवताच राग.”

“थांब,” रावसाहेब म्हणाले.

तोंडावर काही नव्हतं, आणि कुणाच्या तोंडावर वाचायलाही काही नव्हतं. म्हणून त्यांना पहिल्यांदाच आत बघावं लागलं. तिथं बरगड्यांच्या मागं काहीतरी जड होऊन बसलं होतं. नवं नव्हतं. जागा ओळखीची होती. डबी बसल्यापासून आपण रागावलोच नव्हतो असं मनाशी धरून बसलो, डॉक्टरांकडूनही तेच वदवून घ्यायला गेलो, ते आठवून त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

“मला राग आलाय,” ते म्हणाले.

त्यांच्या आवाजातही काही फरक नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं म्हणाले होते.

“आत्ता?” इंद्रजितनं विचारलं.

“आत्ताबी आणि त्या दिवशीबी.”

“दिसत नाही पण.”

“म्हणून सांगतोय.”

“आई म्हणाली, आजारामुळं.”

“तोंड आजाराचं. हे माझं हाय.” रावसाहेबांनी घास ताटात ठेवला. “तुझं बोलणं बरोबर होतं. डॉक्टरबी म्हणाल्या. ऐकलं असतं तर गाठ तवाच सापडली असती. तरी राग आलाय. मालकासमोर बोललास. घरात बोलायचं होतंस.”

“घरात बोललो असतो तर आईनं विषय बदलला असता.”

शालन भाकरीच्या टोपलीत बघायला लागली. ते खरं होतं, आणि आत्ताही तिच्या ओठांवर बाळासाहेबाच्या मुलीच्या लग्नाचा विषय येऊन थांबला होता.

त्या दिवशी फाटकाबाहेर जाण्याआधी इंद्रजित थांबला होता, तसाच वडिलांकडे बघत थांबला. या वेळी वडिलांच्या तोंडात घास नव्हता.

“किती आलाय?” त्यानं विचारलं.

“काय?”

“राग. किती?”

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर थट्टा वाटली असती. पण रावसाहेबांनी प्रश्न कामाचा म्हणून घेतला. डोळे मिटले, ओठ मिटले, आणि रोज सकाळी स्टुलावर बसून जसं जिभेवर फिरवून बघायचे तसं थोडा वेळ आतल्या आत फिरवून बघितलं. तोंडाची मदत न घेता प्रत ठरवायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

“ब्याडगीपेक्षा जास्त,” ते म्हणाले. “संकेश्वरीच्या आसपास. लवंगी न्हाई.”

इंद्रजितनं आमटीची वाटी बाजूला सारली. वडिलांच्या ताटातली चटणी भाकरीच्या तुकड्याला लावली, घास तोंडात घातला, आणि त्याचं तोंड हळूहळू गळ्यापासून कपाळापर्यंत लाल होत गेलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

शालन त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. “तुला राग आला का रे?” तिनं विचारलं.

इंद्रजितला बोलता येत नव्हतं. त्यानं हातानं थांब अशी खूण केली. घास गिळून होईपर्यंत दोघंही त्याची वाट बघत बसले.